पुडीवरचे चित्र कोणाचे?



गेल्या हंगामात मोळी टाकण्याच्या दिवशी गव्हाणीपासून थोड्या अंतरावर महिला बचत गटांचे आठ-दहा स्टॉल मांडले होते, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. शेवया, पापड, चटण्या, हळद असा माल होता. तिथे एक गंमत झाली. एका टेबलावर आमच्या धाकट्या सूनबाईंची हळद होती आणि तिथून चौथ्या टेबलावर शेजारच्या गावच्या गटाची मिरची पूड. दोन्ही पुड्यांवर चित्र एकच! नऊवारी नेसून जात्यावर दळणारी बाई, मागे उगवता सूर्य, कडेने तीच वेलबुट्टी. फरक एवढाच की आमच्या बाईचे लुगडे हिरवे आणि त्यांच्या बाईचे लाल. येणारे-जाणारे विचारू लागले, "काय पावणं, दोन्ही माल तुमचाच का?" गंमत बघणाऱ्यांची झाली. सूनबाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हापासून संपादक मंडळ मागे लागले आहे की हे लिहून द्या. मी काही या विषयातला जाणकार नव्हे. माझी साडेतीन एकर लागण, दीड एकर खोडवा आणि एक एकर हळद, एवढाच माझा अधिकार. परंतु आपल्या कार्यक्षेत्रात आता घराघरांतून काही ना काही निघू लागले आहे. कोणाची ऊस रोपवाटिका, कोणाचे खवा-पेढे, कोणाचा बेदाणा. (गुऱ्हाळाचे उदाहरण मुद्दामच घेत नाही, चेअरमनसाहेबांच्या कपाळाला आठी पडायची.) माल कसा करावा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्याला नाव, चिन्ह आणि लेबल करून घ्यायची वेळ आली की आपण अडतो. हे काम करणाऱ्याला आता ग्राफिक डिझायनर म्हणतात. आपल्याकडे त्याला अजून 'डिझाईनवाला' किंवा सरळ 'फ्लेक्सवाला' म्हणायची पद्धत आहे, आणि बहुधा तिथूनच चुकायला सुरुवात होते.

आमचे काय झाले ते आधी सांगतो. हळदीचा दर पडला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "आबा, हळकुंडं व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा पूड करून विकूया की." गटातून कर्ज काढून दळायचे यंत्र घेतले. लेबलासाठी पुतण्याचा एक मित्र मिळाला. तालुक्याला संगणक शिकलेला, गुणी पोरगा. त्याला काय सांगितले? तर "काहीतरी झकास कर, बाबा." बस्स. त्याने करून आणले की घरात बैठक बसायची. थोरल्या बंधूंनी सुचवले की लेबलावर घरातल्या सगळ्यांचे फोटो असावेत, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतात तसे. मंडळींना गणपती हवा होता. मला वाटले, ऊसही असावा. हळदीच्या पुडीवर ऊस कशाला, हे तेव्हा कोणी विचारले नाही. पोराने सात वेळा बदल केले. शेवटी जात्यावरची बाई ठरली. त्याला पाचशे रुपये आणि किलोभर हळद दिली. घरचेच काम म्हणून तोही काही बोलला नाही, आम्हीही नाही.

स्टॉलवरचा प्रकार झाल्यावर मी तावातावाने त्याच्याकडे गेलो. "काय रं, आमचं चित्र दुसऱ्याला विकलंस?" तो शांतपणे म्हणाला, "आबा, सात रात्री बसलो. तुम्ही पाचशे दिलं. चित्र कायमचं विकत घेतलं, दुसऱ्याला देऊ नको, असं कधी म्हणालात का?"

मला उत्तर देता आले नाही. येताना आपल्या गटातल्या एका वकील सभासदांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते ऐकून माझा ताव उतरला. तेच येथे थोडे विस्ताराने देतो, कारण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे तेच आहे.

कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे चित्र काढणारा हाच त्याचा पहिला मालक. तो आपल्याकडे पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने चित्र काढले असेल, तर मालकी आपली. पण बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतले आणि नुसते पैसे दिले, एवढ्याने सगळे हक्क आपल्याकडे येतात असे समजू नये. पैसे देऊन करून घेतलेले फोटो, रंगचित्र अशा थोड्या प्रकारांना वेगळा नियम आहे, परंतु आपले लेबल त्यात बसते की नाही या वादात कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. त्यापेक्षा कलम १९ प्रमाणे हक्क लेखी लिहून घ्यावा आणि त्यावर काढणाऱ्याची सही घ्यावी. त्यातही एक खाच आहे. लेखात मुदत लिहिली नाही, तर तो हक्क फक्त ५ वर्षांचा धरला जातो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारतापुरता. म्हणजे सही घेऊनही मुदतीची ओळ राहिली, तर सहाव्या वर्षी आपण पुन्हा परके. तेव्हा कोणते काम, कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे सर्व लिहावे. कागद एक पानाचा पुरतो.

गंमत पाहा. उसाची नोंद देताना आपण गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख सगळे लिहून देतो. काटापावती वर्षभर जपून ठेवतो. तोडणीच्या मुकादमाला उचल देतानाही कागद करतो. आणि ज्या चित्रावर सगळा धंदा उभा राहायचा, त्याचा व्यवहार चहाच्या कपावर! त्या पोराचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याने विकू नये असे वाटत असेल, तर विकत घ्यायला हवे होते.

चांगल्या चिन्हाला किंमत असते याची दोन उदाहरणे देण्याजोगी आहेत. अमेरिकेत पोर्टलंडला कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने १९७१ साली बूट विकणाऱ्या एका लहान कंपनीला एक चिन्ह काढून दिले आणि ३५ डॉलर घेतले. ती कंपनी म्हणजे आजची नाइकी. कंपनी मोठी झाल्यावर १९८३ साली तिला बोलावून कंपनीचे शेअर्स आणि हिऱ्याची अंगठी देण्यात आली. दुसरे उदाहरण आपल्याच सहकारातले. अमूल लोण्याच्या जाहिरातीतली ठिपक्यांच्या फ्रॉकची मुलगी सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली उभी केली. दूध उत्पादकांचे मंडळ आणि जाहिरातवाला यांचे तेव्हा जमले, ते अजून जमलेले आहे. आपला माल त्यांच्याएवढा नसेना का, पण एकदा ठरलेले चित्र वर्षानुवर्षे न बदलणे एवढे तरी आपल्याला घेता येईल.

असो. आमचे लेबल बदलायचे ठरले. या वेळी सूनबाईंनी स्वतः चौकशी केली. कोल्हापुरात शिकलेल्या एक ताई सांगलीत हे काम करतात असे कळले. (कोल्हापूरला या कामाची परंपराच आहे. बाबूराव पेंटर सिनेमाइतकेच त्याच्या पोस्टरसाठीही नावाजले होते.) सूनबाईंनी त्यांचे आधीचे काम मोबाईलवर न बघता, त्यांनी केलेल्या चार पुड्या दुकानातून विकत आणून बघितल्या. एक मसाल्याची पुडी महिनाभर खिडकीत ठेवून तिचा रंग उडतो का तेही पाहिले. मग त्यातल्या दोन गिऱ्हाइकांना फोन केला : वेळेवर देतात का, फाईल देतात का, छापताना बरोबर येतात का. पुष्कळ जण तीन-चार जणांकडून फुकट नमुने मागवतात आणि आवडेल तो घेतात. मला ते पटत नाही. चार टोळ्यांना एकेक सरी फुकट तोडायला लावून मग एकीला उचल द्यायची, असे आपण करतो का?

त्या ताईंनी पहिल्या दिवशी रंग, चित्र काही काढले नाही. नुसते प्रश्न विचारले. हळद कोण घेणार? गावचा दुकानदार की पुण्याची सोसायटी? पुडी किती ग्रॅमची? दुकानात ती उभी राहणार, टांगली जाणार की ढिगात पडणार? किंमत काय? शेजारी कोणाचा माल असेल? हळद कोणत्या जातीची, राजापुरी की सेलम? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे नव्हती. आम्ही आठ दिवस मागून घेतले. माझे प्रामाणिक मत असे की त्या आठ दिवसांत आम्ही आमचा धंदा पहिल्यांदा नीट पाहिला. बाजारात फिरून सूनबाईंनी सगळ्यांच्या पुड्या गोळा केल्या, तेव्हा दिसले की बहुतेकांवर जात्यावरची बाई किंवा पिवळा सूर्य आहे. आमचे जुने चित्र त्या पोराने दुसऱ्या कोणाला दिले नसते, तरी ते गर्दीत हरवलेच असते.

दुसरे म्हणजे त्यांनी जुन्या लेबलातल्या चुका दाखवल्या. लाज वाटली. 'शुद्ध' हा शब्द 'शुध्द' असा छापलेला होता आणि आम्ही घरातल्या सात माणसांनी तो सात वेळा तपासला होता. सगळा मजकूर फक्त मराठीत होता. खाद्यपदार्थाच्या लेबलावर कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावीच लागते. त्याशिवाय मराठी पाहिजे तेवढी घालावी. हे मला आधी खटकले, पण नियम आहे. पुडी पारदर्शक होती. हळदीचा रंग उजेडाने फिका पडतो, हे आपण वाळवताना बघतोच, आणि तरी आम्ही ती काचेसारख्या पिशवीत भरून दुकानाच्या उन्हात ठेवत होतो! पिवळ्या पुडीवर पिवळी अक्षरे, ती वाचणार कोण? वर आम्ही हौसेने लिहिले होते, 'सर्व रोगांवर गुणकारी, १०० टक्के सेंद्रिय'. रोग बरा होतो असा दावा खाद्यपदार्थावर करता येत नाही. 'सेंद्रिय' म्हणायला प्रमाणीकरण लागते, आमच्याकडे ते नव्हते. दोन्ही ओळी गेल्या. 'सांगलीची हळद' हे शब्दही काढावे लागले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ते नाव व चिन्ह लावायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती नोंद आम्ही करणार आहोत.

लेबलावर कायद्याने काय काय लागते याची यादी डिझायनरकडे आपण न्यायची असते. त्याने ती आठवणीतून लिहावी ही अपेक्षा बरोबर नाही. मालाचे नाव, तयार करणाऱ्याचे किंवा भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा दर, भरल्याचा महिना-साल, कधीपर्यंत वापरावे, बॅच नंबर, तक्रारीसाठी फोन, अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर आणि चिन्ह, चौकोनातला हिरवा ठिपका. एवढे सगळे १०० ग्रॅमच्या पुडीवर बसवायचे म्हणजे काय काम आहे, ते तेव्हा कळते. मोठ्या दुकानात माल द्यायचा असेल तर बारकोडची जागाही पहिल्यापासून सोडून ठेवावी.

नावाचे मात्र लेबलाच्या आधी बघावे. आम्ही ठरवलेले पहिले नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या यादीत आधीच कोणाच्या तरी नावावर निघाले. ही यादी संगणकावर कोणालाही फुकट पाहता येते. हळद, मसाले, साखर, गूळ हे सगळे ३० नंबरच्या वर्गात येतात. दुसरे नाव आमच्या आईचे, ते मोकळे मिळाले. (ते येथे छापत नाही, नाहीतर लेखाची जाहिरात होईल.) व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे. नोंदणी झाली की १० वर्षे, पुढे नूतनीकरण. नोंदणी होण्याआधी वर्तुळातला 'आर' लावू नये, तो गुन्हा आहे. 'टीएम' ही अक्षरे लावता येतात. अर्ज सूनबाईंच्या नावाने केला आहे. यावरून घरात थोडी कुरबुर झाली, पण कर्ज त्यांच्या नावावर आणि चिन्ह दुसऱ्याच्या, हे मला बरोबर वाटेना.

आता पैशाचे. त्या ताईंनी नावाची अक्षरे, चिन्ह आणि दोन मापांची लेबले मिळून अठरा हजार सांगितले. थोरले बंधू म्हणाले, "एका कागदाला अठरा हजार? त्यात पोतंभर खत येतंय." पोतंभर नव्हे, बरीच पोती येतात, हे खरे आहे. पण दर काढताना आपण खर्च एकराला वाटतो, तसा हाही पुड्यांना वाटून बघावा. आमचा हिशेब दोन वर्षांच्या पुड्यांवर केला, तर पुडीमागे दीड रुपयाच्या आत बसला. तो आम्ही किमतीत धरला आहे. हे पैसे एकदम द्यायचे नाहीत. एक हिस्सा काम सुरू करताना, दुसरा नमुना पसंत पडल्यावर, तिसरा मूळ फाईल आणि सही केलेला कागद हातात आल्यावर. तीन नमुने दाखवायचे आणि दोन वेळा बदल, पुढच्या प्रत्येक बदलाला वेगळे पैसे, असे ठरले. या एका अटीने घरातली बैठक आपोआप लहान झाली. डिझायनरशी बोलायला एकच माणूस नेमावा, हेही त्यांनीच सांगितले. सूनबाई नेमल्या गेल्या. मी गप्प राहायला शिकलो.

मूळ फाईल म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. मोबाईलवर पाठवलेले चित्र ही फाईल नव्हे. ते मोठे केले की फुटते. छापखान्याला कोरल किंवा इलस्ट्रेटरमधली अशी फाईल लागते की जी टेंपोवर रंगवायला मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतात. मराठी अक्षरांचे आणखी एक दुखणे आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची खिचडी होते, आणि काही ठिकाणी युनिकोडमधली वेलांटीसुद्धा भलत्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून एक फाईल दुरुस्त करता येईल अशी आणि एक अक्षरांची चित्रे करून टाकलेली, अशा दोन्ही घ्याव्यात. फॉण्टचा परवाना कोणाचा, तेही विचारावे. आमच्या नावाची अक्षरे ताईंनी हाताने काढली. मराठी नाटकांच्या जाहिरातीतली कमल शेडगे यांची अक्षरे ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिली आहेत, त्यांना हाताच्या अक्षराचे वजन सांगायला नको.

पडद्यावरचा पिवळा आणि कागदावरचा पिवळा एक नसतो. छापायच्या आधी त्याच कागदावर, त्याच यंत्रावर एक नमुना काढून घ्यावा, पुडीला चिकटवून दिवसाच्या उजेडात बघावा आणि त्यावर सही करावी. आमचा पहिला नमुना कावीळ झाल्यासारखा हिरवट आला होता. आणखी एक सावधगिरी : सुरुवातीलाच छापील पिशवी करायला जाऊ नये. त्या ग्रॅव्हुअर छपाईला दर रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो आणि पिशवीचा रोल शेकड्याने किलो घ्यावा लागतो. किंमत बदलली, पत्ता बदलला, एक काना चुकला, की तो सगळा रोल पडून राहतो. साधी अपारदर्शक पिशवी घ्यावी आणि त्यावर छापील स्टिकर लावावा. खप बसल्यावर सिलिंडरचे बघता येते.

नवीन लेबल पांढरे आहे. वर आईचे नाव, खाली एका हळकुंडाचे रेघांचे चित्र, दुसरे काही नाही. थोरल्या बंधूंना ते अजून रिकामे वाटते. दुकानदार म्हणतो, लांबून वाचता येते.

त्या पोराचे पुढे काय झाले, असे काही जण विचारतात. मिरचीवाल्या गटाने जात्यावरची बाई लाल लुगड्यात ठेवून घेतली आणि त्याला योग्य पैसे देऊन कायमचा हक्क लिहून घेतला. आमच्या दरपत्रकाचे आणि प्रदर्शनाच्या फलकाचे काम आता तोच करतो. पहिल्या कामाच्या वेळी कागद त्यानेच लिहून आणला होता, आम्ही मागायच्या आधी.

त्या कागदाची आणि ताईंबरोबर केलेल्या कागदाची प्रत आमच्या घरी आहे. ज्या सभासदांना पाहायची असेल त्यांनी संध्याकाळी यावे, झेरॉक्स करून घ्यावी. मूळ प्रत नेऊ नये.